एका पावलाची दहा पावलं

"जपून रं आंद्रिको. तितं म्लाका हाय, बूट भिजतील."

मी उचललेला पाय तसाच धरून खाली पाहिलं. ऑगस्ट महिना होता. त्या मुलखात दीड महिना पावसाचा थेंब पडला नव्हता आणि परास्का आजीच्या परसातल्या काळ्या मातीला हाताचं बोट सहज जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. म्लाका म्हणजे डोंगराच्या उतारावर जिथं आतून पाणी पाझरत राहतं ती जागा. आमच्याकडे उपळ फुटलाय म्हणतात, तसं. इथं उपळ सोडाच, पहाटे दवसुद्धा पडत नव्हतं. आणि डोंगर बघायचा तर रेल्वेत बसून दीड दिवस जावं लागलं असतं.

आजीनं झग्याचा घोळ दोन्ही हातांनी वर धरला, जमिनीत रोवलेल्या दोन विटांवर एकेक पाय देत ती पलीकडे गेली आणि माझी वाट बघत उभी राहिली. मीही विटांवरून गेलो. हसू आलं होतं, ते दाबलं.

"किती झाली?" तिनं विचारलं.

"काय?"

"पावलं. ब्रिदापास्नं हितवर. मोज म्हनलं हुतं न्हवं?"

मी मोजली नव्हती. तिनं मला हाताला धरून परत कुंपणापाशी नेलं. तिथं एक फळी आडवी टाकलेली होती, तिला ती 'ब्रिद' म्हणायची. ब्रिद म्हणजे ओढा पायी ओलांडायची उताराची जागा. ओढा अर्थात नव्हता. फळीपासून विटांपर्यंत आम्ही दोघं पुन्हा चाललो. एकतीस पावलं भरली. ती मी वहीत लिहिली तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

विटांपासून पुढं बावीस पावलांवर बटाट्याचा वाफा संपत होता. "ह्यो लाझ." लाझ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन. तिथून ती सरळ उत्तरेला निघाली, नऊ पावलं चालली आणि एकदम उजवीकडे वळून अर्धा वळसा घेऊन पुढं गेली. मधे चटईएवढी जागा होती. तिच्यात काही पेरलेलं नव्हतं, पण गवताचं पातंही नव्हतं. कुणीतरी नेमानं खुरपत असावं.

"या जागेचं नाव, आजी?"

"हितं नाव न्हाई," ती म्हणाली आणि चालत राहिली. परसाच्या टोकाला अकेशियाच्या झाडांची रांग होती. तिच्याकडे हात करून ती म्हणाली, "आन ही किचेरा." किचेरा म्हणजे रानानं झाकलेला डोंगर.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. सरकारी शिष्यवृत्तीवर मी कीवला भूगोल शिकत होतो, चौथं वर्ष. सुट्टीत आम्हा विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवडे खेड्यांत पाठवायचे. काम एकच, जमिनीची नावं गोळा करायची आणि कार्डांवर लिहून पेटीत भरायची. गावाची नावं नकाशात असतातच. पण गावातल्या लोकांना शेताला, वळणाला, खड्ड्याला, पाणवठ्याला वेगळी नावं लागतात आणि ती बहुतेक जमीन बघूनच पडलेली असतात. आपल्याकडे घळ, माळ, टेक, डोह असतं, तसंच तिकडे. पसरट घळ असली की बाल्का, कडा तुटलेला असला की यार. माझ्या वाट्याला आलेलं खेडं काळ्या समुद्राच्या अंगच्या सपाट प्रदेशातलं होतं. एवढं सपाट की मैलावरची गाय चरतेय की बसलीय ते दिसावं. दहा दिवसांत माझी बत्तीस नावं झाली होती आणि त्यातल्या निम्म्या बाल्काच होत्या.

शेवटच्या आठवड्यात कुणीतरी परास्का आजीचं नाव सांगितलं आणि सांगताना डोळा मारला. आजी पासष्टीची होती, मूळची पश्चिमेकडच्या डोंगरातली. एक्कावन्न साली सीमेची अदलाबदल झाली, तिचं गाव पोलंडच्या वाट्याला गेलं आणि माणसांना मालगाडीत घालून इथं आणून सोडलं. तिकडे आजीला बाबा म्हणतात. माझ्या घरी बाबा म्हणजे बाप, त्यामुळे तो शब्द माझ्या जिभेला कधी जमला नाही आणि मी तिला आजीच म्हणायचो. आनंदा हे माझं नाव तिनं पहिल्या दिवशीच आंद्रिको करून टाकलं. तिची बोली कॉलेजात शिकवतात तशी नव्हती. माझ्या कानाला ती जावळीकडच्या आमच्या बायकांसारखीच लागायची, म्हणून इथं तशीच लिहितोय.

तिनं पहिल्याच दिवशी अट घातली होती. "पाच नावं हाईत. पाचीच्या पाची लिवायची. मी सांगती त्याच वळीनं. आन कीवच्या पेटीत गेली पायजेत."

"का पण?"

"लिव की. तुला काय त्याचं?"

मधेच तिच्या तोंडून 'ग्रिनचं शेत' असं एक नाव निघालं आणि मी ते टिपलं, तर तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेऊन ते खोडलं. "मानसांची नावं नगंत. नुसती जिमिनीची."

आमचे मार्गदर्शक ओनुफ्री दानिलोविच शनिवारी जीप घेऊन पेट्या गोळा करायला येणार होते. तिकडे मास्तरांना सर म्हणत नाहीत, त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. माणूस कडक. एका कार्डावर एकच नाव. त्याखाली रकाने: काय आहे, कुठं आहे, नाव का पडलं, कुणी सांगितलं. कार्डं वर्णानुक्रमे लाकडी पेटीत लावायची. आणि नाव जमिनीशी ताडून बघायचं. नावात पाणी असेल तर तिथं पाणी, निदान पाण्याची खूण हवी. नसेल तर कार्डावर लाल फुली मारून 'आधार नाही' असं लिहायचं. "नाव ठेवणाऱ्यानं आधी डोळ्यांनी पाहिलेलं असतं," ते वर्गात म्हणायचे. "त्यानं काय पाहिलं ते तुम्हाला दिसत नसेल तर एकतर जमीन बदलली आहे, नाहीतर सांगणारा चुकतोय."

मी नियमानं ताडून पाहिलं. ब्रिद, ओढा नाही. म्लाका, पाणी नाही. लाझ, इथं रान कधीच नव्हतं. पोतिक म्हणजे झरा किंवा लहान ओढा, तो कुंपणाबाहेरचा धुळीचा रस्ता निघाला. किचेरा, अकेशियाची सोळा झाडं. बुधवारी संध्याकाळी पाचही कार्डांवर मी लाल फुल्या मारल्या. खरं सांगायचं तर मारताना मला जरा अभिमानच वाटला. शिकलेलं वापरायला मिळालं की त्या वयात तसं होतं.

गुरुवारी सकाळी मी तिला सांगायला गेलो. न सांगता गेलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं वागायचं नाही, असं मला तेव्हा फार वाटायचं.

ती दारातल्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया झोडत बसली होती. मी कार्डं पुढं केली. तिनं हात पुसले, एक कार्ड उचललं आणि लांब धरून पाहिलं.

"ही तांबडी फुली कशाची?"

"आजी, ही नावं इथं बसत नाहीत. इथं ओढा नाही, डोंगर नाही. नियम असा आहे की..."

"काय लिवलंस खाली?"

"आधार नाही, असं."

मग कार्ड तिनं झग्यानं पुसलं, जसं काही फुली पुसली जाईल, आणि माझ्या हातात परत दिलं.

"छत्तीस वर्सं झाली रोज चालतीया त्याच्यावरनं," ती म्हणाली. "आन आधार न्हाई म्हन." ती उठली, आत गेली आणि आतून कडी घातली.

परतताना पाण्याच्या पंपाशी तिचा मुलगा इल्को भेटला. चौतिशीचा, ट्रॅक्टर चालवायचा, इथंच जन्मलेला. त्यानं पंपाखाली मान धुतली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"तिच्या नादी लागू नका. गाव हसतं तिला. मी शाळेत असताना पोरं माझ्या मागं विटांवर उड्या मारल्यासारखं करत यायची. ती कार्डं पेटीत नकोतच. आधीच बाहेरचे म्हणून नाव आहे आमचं."

"नाहीच जाणार," मी म्हणालो. "मी फुल्या मारल्यात."

"बरं केलंत," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा बरं वाटल्यासारखा दिसला नाही.

शुक्रवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात मी अहवाल लिहायला बसलो. आधार नसलेली नावं म्हणून या पाच नावांचं उदाहरण द्यायचं ठरवलं होतं. उदाहरणासोबत आराखडा असला की ओनुफ्री दानिलोविच खूश व्हायचे. म्हणून वहीतली पावलं घेऊन परसाचा आराखडा काढायला लागलो. पेटीत कार्डं वर्णानुक्रमे होती, त्यात काहीच कळत नव्हतं. मी ती काढून तिनं सांगितलेल्या ओळीनं बाकावर मांडली. पोतिक. ब्रिद. एकतीस पावलांवर म्लाका. बावीस पावलांवर लाझ. पुढं किचेरा.

मग मी पेन्सिल खाली ठेवली.

चार वर्षं भूगोल शिकलेला माणूस दुसरं काही नाही तरी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघतोच. डोंगराच्या पायथ्याशी रान तोडलेली जमीन. तोडलेल्या जमिनीच्या खालच्या अंगाला उपळ. उपळाच्या खाली ओढा आणि ओढ्याला उतार. पाणी जिथून यायला हवं तिथून येत होतं आणि जिथं जायला हवं तिथं जात होतं. हे परस नव्हतंच. ही एक पुरी दरी होती, कुणीतरी नीट बघून, मोजून लहान करून इथं आणून ठेवलेली. मी तिचे पाच तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळा धरून विचारत होतो की पाणी कुठाय.

तेव्हा मला तात्या आठवले, माझे वडील. आमचं गाव मी जन्मायच्या आधी धरणात गेलं. मी वाढलो तो माळशिरसकडच्या सपाट रानातल्या वसाहतीत. तात्या रोज संध्याकाळी म्हणायचे, "जरा खिंडीकडनं जाऊन येतो," आणि ज्वारीच्या रानामधून बांधाच्या एका तुटक्या जागेपर्यंत जाऊन यायचे. खिंड म्हणे. आम्ही भावंडं त्यांच्या पाठीमागं हसायचो. एकदा त्यांनी मागं वळून पाहिलं होतं आणि काही न बोलता पुढं गेले होते. त्या वर्गात बसून मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

आराखड्यात एक जागा उरली होती. लाझापासून नऊ पावलं, आणि तिथं तिचा वळसा. त्या जागेवर लिहायला माझ्याकडे नाव नव्हतं. मी ती गोल करून ठेवली आणि तसाच उठून गेलो.

आजी वाटाणे सोलत होती. मला बघून उठली नाही, पण आतही गेली नाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"आजी, ब्रिद ओलांडला की चढ लागतो ना?"

तिचा हात थांबला.

"लागतूय," ती म्हणाली. "बेताचा. म्लाकेपतुर. तितनं पुढं दम लागतूय."

"आणि तिथली किती पावलं म्हणजे इथलं एक पाऊल?"

"धा." मग दोन शेंगा सोलून म्हणाली, "परस ल्हान हुतं. जास्त बसंना."

मी वही उघडून तिला आराखडा दाखवला आणि त्या गोलावर बोट ठेवलं. विचारलं काहीच नाही. तिनं वाटाण्याची टोपली खाली ठेवली.

"हान्या," ती म्हणाली. "चार वर्साची हुती. फेब्रुवारीत घसा सुजला, तीन दिसांत गेली. बरफ हितवर." तिनं छातीला हात लावला. "दफनाची जागा वढ्याच्या पल्याड, देवळामागं. न्हेता येईना. तवा माझ्या मालकानं लाझाच्या वरच्या अंगाला बरफ उकरलं, तितं ठिवली. बरफ वितळलं की हलवू म्हनलं. बरफ वितळलं आन हुकूम आला. दोन हप्त्यात गाडीत बसा."

कुंपणापलीकडून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

"क्रूस लाकडाचा हुता. लाकूड किती दीस टिकंल? घरं पाडली म्हनत्यात. देऊळ बी पाडलं. तितं आता मानूसच न्हाई. मग कुनाला इचारायचं, ग्रिनचं शेत कुटं, स्तेपानचा गोठा कुटं? ग्रिन बी मेला आन स्तेपान बी. म्हनून मी मानसांची नावं काडून टाकली. वढा कुटं जाईल? डोंगर कुटं जाईल? पानी झिरपायचं ते झिरपंलच. परक्या मानसाला बी डोळ्यानं दिसंल, आन नाव वाचलं की कळंल का ह्येच त्ये."

"तुम्ही स्वतः कधी..."

"दोनदा अर्ज केला. तिकडनं कुनीतरी बोलावनं धाडाय लागतं. कोन धाडनार? म्हनलं नं, मानूस न्हाई." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू म्हनलास कागद कीवला जात्यात. तितं शिकल्याली मानसं वाचत्यात. आज न्हाई तर पन्नास वर्सांनी कुनीतरी वाचंल आन जाईल."

"जाऊन काय करायचं, आजी?"

"हाक मारायची. येकदाच. येवड्या वर्सांत तिला कुनी हाक न्हाई मारली."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "वाटाने सोल." मग अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी ती टोपली संपवली.

शनिवारी दहा वाजता जीप आली. शाळेच्या पायरीवर मी ओनुफ्री दानिलोविचना सगळं सांगितलं आणि पाचही कार्डं त्यांच्या हातात दिली. फुल्या मी रबरानं खोडून पाहिल्या होत्या, पण कागद फक्त खरबरीत झाला होता. त्यांनी ऐकून घेतलं, आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "चल."

आजी डोक्याला धुतलेला रुमाल बांधून दारात उभी होती. इल्कोही होता, कुंपणाला टेकून, तोंड आंबट करून. ओनुफ्री दानिलोविचनी टोपी काढली.

"परास्का मिखाय्लिव्ना, मी तुमच्याबरोबर चालू का?"

ते दोघं चालले. फळीपासून विटांपर्यंत, विटांपासून लाझापर्यंत. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होते. नऊ पावलं झाल्यावर तिनं वळसा घेतला, तसा त्यांनीही घेतला. मग ते माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पेटी या जिल्ह्याची आहे. ही ठिकाणं या जिल्ह्यात नाहीत. मी ही कार्डं घेऊ शकत नाही."

"पण तुम्हीच म्हणता की आधी डोळ्यांनी पाहिलेलं..."

"तिनं पाहिलेलं आहे. तो प्रश्नच नाही." ते जीपजवळ सिगारेट ओढणाऱ्या ड्रायव्हरकडे पाहून थांबले. "नाव का पडलं, हा रकाना मला भरावा लागेल, आनंदा. तिथं एक्कावन्न साल लिहावं लागेल, आणि त्याबद्दल इथं लिहायला बंदी आहे. ते मी लिहीन आणि पेटी दुसऱ्या दिवशी कपाटातून नाहीशी होईल. मग बाकीची बत्तीस नावंही गेली."

मला तेव्हा ते भित्रे वाटले. आजीला ऐकू गेलं होतं. तिनं फक्त मान हलवली, आणि ते मला जास्त लागलं.

पण ओनुफ्री दानिलोविच गेले नाहीत. त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं, झाकण उघडलं आणि तिच्याजवळ गेले.

"एक सांगा. गावात सकाळचं ऊन तुमच्या घरात कुठून यायचं?"

"वढ्याच्या अंगानं," ती म्हणाली. "आन किचेरेच्या मागं मावळायचं."

"इथं मात्र तुमची किचेरा उत्तरेला आहे."

आजी गोंधळली. आधी तिनं अकेशियाच्या रांगेकडे पाहिलं, मग सूर्याकडे. "परस तसंच लांब हुतं," ती हळूच म्हणाली. "आडवं बसंना."

"बरोबर. म्हणजे सगळं चतकोर फिरलेलं आहे. हे न कळता कुणी गेला असता तर ओढ्यावरूनच चुकला असता." त्यांनी जीपमधून पोलादी फीत मागवली. "दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं."

मी पुढं होणार, तेवढ्यात इल्को कुंपणापासून सुटला. त्यानं फितीचं टोक घेतलं आणि चालायला लागला. विटांपाशी आला, तिथं क्षणभर थांबला. आयुष्यभर तो त्या कोरड्या मातीवरून सरळ चालत गेला असणार. त्या दिवशी त्यानं विटांवर पाय दिले. आजीनं ते पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला.

दीड तास मोजमाप चाललं. आजीच्या एका पावलाची लांबी पाच वेळा मोजून घेतली गेली. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर ओनुफ्री दानिलोविचनी आपल्या बारीक अक्षरात खरी दिशा आणि खरं अंतर लिहिलं. पाचव्या कार्डावर लिहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडून एक कोरं कार्ड मागितलं. त्यावर 'लाझापासून पश्चिमेला, नव्वद पावलं' एवढंच लिहिलं. नावाचा रकाना मोकळा ठेवला. मग सहाही कार्डं माझ्या हातात दिली.

"माझ्याकडे पेटी आहे," ते म्हणाले. "तुझ्याकडे पासपोर्ट आहे."

आजीनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. तिच्या लक्षात आलं की कीव, तिथली शिकलेली माणसं आणि पन्नास वर्षं या सगळ्याच्या जागी आता हा एक सावळा पोरगा उरलाय.

"जाशील?" तिनं विचारलं.

"जाईन," मी म्हणालो.

मी गेलो नाही. म्हणजे तेव्हा गेलो नाही. एकोणनव्वदच्या जानेवारीत कीवच्या पत्त्यावर इल्कोचं पत्र आलं, आजी गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तो देशच मोडला, तिकडच्या सीमा उघडल्या, तिला बोलावणं लागलं नसतं. मी तोवर परत आलो होतो. भूमापन खात्यात नोकरी, लग्न, बदल्या, तात्यांचं आजारपण. कार्डं गोदरेजच्या कपाटात, मार्कशीटच्या पिशवीत. इल्कोला मी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार, जायला जमत नाही असं? वर्षं जितकी जास्त होत गेली तितकं लिहिणं अवघड होत गेलं. याला दुसरं काही नाव नाही, मी शब्द मोडला होता.

दोन हजार अकरा साली माझी मुलगी नोकरीसाठी पोलंडमध्ये क्राकुफला गेली. तिनं बोलावणं धाडलं. व्हिसाच्या अर्जाला ते पत्र जोडताना मला आजीचे दोन अर्ज आठवले. मुलीनं इंटरनेटवरून त्या खेड्याच्या पंचायतीचा फोन शोधून दिला. तिकडून इल्कोचा आवाज आला. मी नाव सांगितलं.

"कार्डं आहेत?" त्यानं विचारलं.

"आहेत."

"मला तुमचा पत्ता सापडत नव्हता. येतो मी."

मे महिना होता. इल्को अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता, केस गेलेले, गुडघा दुखरा. आजीच्या मूळ गावाच्या जागी गाव नव्हतं. देवळाचा पाया होता, रानटी झालेली सफरचंदाची झाडं फुललेली होती आणि ओढा होता. त्या ओढ्यावर लाकडं ओढणाऱ्या गाड्यांची वाट उतरत होती आणि पलीकडे चढत होती. उताराची जागा अजून तीच होती. मी पहिलं कार्ड उलटं केलं, होकायंत्र धरलं आणि पश्चिमेला तोंड करून मोजायला लागलो. इल्को मागून येत होता.

तीनशे चारला माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

मी खाली पाहिलं. गवतातून पाणी वर आलं होतं, गार, स्वच्छ, आणि बूट भिजला होता. मी दुसरा पाय उचलायचं विसरून तिथंच उभा राहिलो. मागं वळलो तर इल्को काठावर थांबला होता आणि दोन्ही बाजूंना खाली बघत होता. काय शोधतोय ते मला आधी कळलं नाही. तो विटा शोधत होता.

पुढची दोनशे वीस पावलं दम लागला. तिनं सांगितलं होतं तसाच. लाझावर आता कोवळं रान परत आलं होतं, पण वरच्या बाजूच्या जुन्या झाडांहून ते वेगळं ओळखू येत होतं. समोर किचेरा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडीनं भरलेली. तिथून नव्वद पावलं. क्रूस नव्हता, उंचवटा नव्हता, काही नव्हतं. मी सहावं कार्ड इल्कोच्या हातात दिलं. त्यानं मोकळ्या रकान्याकडे पाहिलं, माझं पेन मागितलं आणि गुडघ्यावर कार्ड ठेवून तिथं हान्या असं लिहिलं. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आईच्या थडग्यावरची काळी माती होती. तिथल्या पिवळ्या मातीवर ती लांबूनही दिसली असती.

तो उभा राहिला, घसा खाकरला आणि त्यानं कधी न पाहिलेल्या बहिणीला हाक मारली. एकदाच.

आम्ही थोडा वेळ तिथं थांबलो. मग इल्को पुढच्या अंगाला निघाला, किचेरा जवळून बघायची म्हणाला. सरळ न जाता त्यानं उजवीकडून अर्धा वळसा घेतला. मीही ओल्या बुटांनी त्याच्या मागून तसाच वळसा घेऊन गेलो.